मुंग्या लागलेला चेंडू

त्या रविवारी धारूरच्या ग्राउंडवर मॅच नव्हती, तरी मॅचला कधी झाली नव्हती एवढी गर्दी होती. मैदानाच्या मधोमध भस्माचं रिंगण काढलेलं. रिंगणाला खेटून किल्ला फुटबॉल क्लबचे सगळे खेळाडू आणि त्यांच्या कोच आम्रपाली मॅडम, महाराजांनी सांगितलं तसे ओळीनं बसलेले. आणि मधे मांडी घालून वायुनाथ महाराज. डोळे मिटलेले, दाढी छातीवर, हातात माईक. देवाशी बोलायला माईक कशाला लागतो, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

"चेंडूत काय असतंय?" महाराजांनी विचारलं.

"हवा!" लोक ओरडले.

"हवा कुणाची?"

पंपाची, असं म्हणायला एकाची जीभ वळवळली, पण बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं.

"हवा वायुदेवाची, बाळांनो! आन वायुदेव कुणाच्या मुठीत?"

"वायुनाथ महाराजांच्या!" हे उत्तर पुढं बसलेल्यांना आधीच पाठ करून दिलेलं होतं.

मग महाराजांनी चौरंगावरचा फुटबॉल दोन्ही हातांनी उचलला. शेजारी शेगडीत गोवऱ्या धगधगत होत्या, त्यावर धूप टाकला आणि त्या धगीवर चेंडू बराच वेळ धरला. याला म्हणे शुद्धी. मग तो उलटा करून रिंगणात, कडेच्या जवळ ठेवला, वरच्या बाजूला झेंडूची एक पाकळी चिकटवली आणि दम भरला, "आता हात लावील त्याचा हात झडंल! सांग वायुदेवा, ह्या क्लबाला कुणाची बाधा हाय?"

चेंडू बसून राहिला. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. बायकांनी पदर तोंडाला लावले. आणि अचानक चेंडू थरथरला, कलला, आपला आपण हळूच गडगडत रिंगणाबाहेर आला आणि आम्रपाली मॅडमच्या बुटाला येऊन टेकला.

अशी काही आरोळी उठली म्हणता! लोक जमिनीवर पालथे पडले. क्लबचे अध्यक्ष आप्पाराव तर ढसाढसा रडायलाच लागले. आम्रपालीच्या मनात त्या क्षणी मात्र एकच गोष्ट आली, ती म्हणजे चेंडू बुटाला फार जड लागला.

आम्रपाली धारूरमधल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. किल्ला क्लब तिनंच उभा केला होता. मुरुमाच्या मैदानातले दगड वेचण्यापासून ते पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधण्यापर्यंत सगळं तिनं केलं, आणि गेल्या वर्षी क्लब जिल्हा लीगच्या 'अ' गटात चढला. तेव्हा आप्पारावांनी स्वतःच्या गुऱ्हाळातला गूळ गावभर वाटला होता, आणि फोटोत मॅडमना मधे उभं केलं होतं.

यंदा मात्र सगळं उलटं फिरलं. गोल मारणारा एकमेव पोरगा नोकरीला पुण्याला गेला. ऊसतोडीच्या दिवसांत निम्मे खेळाडू फडावर आणि उरलेले लग्नात. बचावाच्या मधल्या जागी आप्पारावांनी आपल्या भाच्याला, केदारनाथला उभं केलं. केदारनाथ गडी चांगला होता, फोटोतही छान यायचा, पण त्याला पळायला सांगितलं की आधी तो इकडंतिकडं बघायचा आणि मग जमलं तर पळायचा. सकाळच्या सरावाला कधी कधी मॅडम आणि गोलकीपर बाळू असे दोघंच असायचे. चौसाळ्यात हरले, घरच्या ग्राउंडवर हरले, ज्यांच्याशी कुणी हरत नाही त्यांच्याशीही हरले. शेवटच्या दोन जागांवर राहणारे क्लब 'ब' गटात ढकलले जातात, आणि किल्ला क्लब तिथंच घसरत चालला होता.

आम्रपालीनं सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "सराव नाही, दम नाही, बचाव उघडा आहे. हे सुधारलं तर वाचू." कुणालाच ते पटलं नाही. सरळ होतं ना सगळं! त्यात गूढ काही नव्हतं, आणि दोष आपल्यावर येत होता. आप्पारावांना तर भाचा बाहेर बसवावा लागला असता. त्यापेक्षा कुणीतरी करणी केली म्हटलं की बरं असतं. करणीला सकाळी सहाला उठावं लागत नाही.

म्हणून वायुनाथ महाराज आले. कुठून आले हे कुणी विचारलं नाही. क्लबच्या खोलीत त्यांचा मुक्काम पडला. महाराज अन्न घेत नाहीत, फक्त काकवी पितात, असं कळलं. उसाचा रस आटवून गूळ होण्याआधीचा तो दाट पाक आप्पारावांच्या गुऱ्हाळात काय कमी? डब्यावर डबे येऊ लागले. एवढी काकवी एक माणूस रिचवतो हाच खरं तर चमत्कार होता, पण त्याचीही आरतीच झाली.

चेंडू बुटाला टेकला त्याच संध्याकाळी आप्पाराव मॅडमना म्हणाले, "राग मानू नका मॅडम. तुमी काय वाईट न्हाईत. पर तुमची सावली ग्राउंडावर पडल्यापासून हे सुरू झालंय, असं महाराज म्हणत्यात. आता सीझन संपस्तोवर तुमी कुंपणाच्या आत येऊ नका."

"माझी सावली गेल्या वर्षीही पडतच होती आप्पा. तेव्हा आपण वर चढलो होतो."

"तवा चढलो, ते कशानं चढलो ते मला काय ठाव! पर आता देवच बोललाय की."

"देव नाही, चेंडू बोललाय. तो मला जरा हातात द्या. बुटाला लई जड लागला."

आप्पारावांनी कानांना हात लावला. "हात लावायचं नावबी घेऊ नका!"

घरी आल्यावर आम्रपालीनं आईला सगळं सांगितलं. जाईबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"आपली सावली पुन्ना निघाली का गं?" त्या म्हणाल्या. "तुज्या आज्यानं छप्पनला धम्म घेतला, तवा ती गाडून आल्तो आमी. आता हे चेंडूच्या तोंडून बोलायलेत. ऐकून घेऊ नकोस. आन नुसतं भांडूबी नकोस. उघडं पाड."

आम्रपालीला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. क्लब तर हातचा जात होताच, पण त्याच्याबरोबर तिचं नाव जात होतं. उद्या क्लब खाली गेला तर गावाच्या तोंडी कायमचं एकच राहणार होतं: त्या बाईमुळं बुडालो. शाळेतल्या मुलीही मग तिच्याजवळ खेळायला येणार नव्हत्या. आई म्हणाली ते खरं होतं. हे उघडं पाडायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज कुंपणाबाहेर उभी राहून बघू लागली, आणि जे दिसलं ते बघून तिनं कपाळावर हात मारून घेतला. महाराजांनी गोलच्या तोंडाशी नारळ पुरला होता. ती जागा आता स्थान झाली. स्थानावर पायताण चालत नाही, म्हणून बाळू अनवाणी. मधोमध पुरलेल्या नारळावर पाय पडू नये, म्हणून बाळूनं एका बाजूच्या खांबाशी उभं राहायचं. मुरुमावर अनवाणी आणि गोलची दुसरी बाजू मोकळी! समोरच्या संघांना दोनच दिवसांत कळलं की धारूरला गेलं की उजवीकडं मारायचं. गोलांचा पाऊस पडला. दर पराभवानंतर महाराज म्हणायचे, "बाधा निघताना असाच त्रास देते." लोक मान डोलवायचे आणि पुढच्या उपायाची वाट बघायचे.

बाळूच्या अंगठ्याचं नख निघालं. फडकं गुंडाळून लंगडत तो कुंपणाशी आला.

"मॅडम, मला कायच समजंना. खांबाशी उभं राहून कोण गोल अडवतंय?"

"मग राहतोस कशाला?"

"आप्पा म्हणत्यात, टीममधून काढीन." बाळू खाली बघत म्हणाला. "आन जरा भीतीबी वाटती. चेंडू खरंच चालतोय मॅडम. माझ्या डोळ्यांनी बगितलाय."

"चालतो, पण किती? पाऊण हात. वर लावलेली पाकळी खाली गेली की थांबतो. दरवेळी. देवाला पाऊण हाताच्या पुढं जाता येत नाही होय रे?"

बाळू अंगठ्याचं फडकं सावरत परत ग्राउंडकडं वळला.

खरी गंमत क्लबच्या खोलीत होती. चेंडू तिथं चौरंगावर ठेवलेला असायचा आणि दाराच्या जाळीतून दर्शन मिळायचं. एके सकाळी त्याला मुंग्या लागल्या. झालं! मुंग्यासुद्धा दर्शनाला आल्या, अशी बातमी बसस्टँडपर्यंत गेली. आप्पारावांच्या बायकोनं, सावित्रीबाईंनी, पुण्य लागावं म्हणून चौरंगाभोवती मूठमूठ साखर घातली. बायकांची रांग लागली. आम्रपालीही त्या रांगेत उभी राहिली, जाळीपर्यंत गेली आणि नीट बघितलं.

साखर खाली तशीच पडून होती. मुंग्या तिच्यावरून सरळ चौरंगावर चढत होत्या, चेंडूवर जात होत्या, आणि जिथून हवा भरतात त्या भोकाशी दाटीनं चिकटल्या होत्या. आणि चेंडू तळाशी किंचित चपटा बसलेला होता. हवा कमी. असा चेंडू तिनं सरावाला पोरांना दिला नसता.

"बगा मॅडम," सावित्रीबाई हात जोडून म्हणाल्या, "मुंगीलाबी कळतंय."

"मुंगीला नक्की कळलंय काकू," आम्रपाली म्हणाली. "आपल्यालाच उशीर होतोय."

शेवटची मॅच उमापूरशी होती. घरच्या ग्राउंडवर. जिंकलो तर वाचणार, नाहीतर 'ब' गट. सगळं धारूर लोटलं. उमापूरची पोरं आपली वॉर्मअप करत होती आणि इकडं किल्ला क्लबचे खेळाडू पुन्हा भस्माच्या रिंगणाभोवती बसले होते. रेफ्री घड्याळ बघत होता. महाराज आज रंगात होते.

"आज वायुदेव विजयाची दिशा दाखवणार! आज चेंडू उमापूरच्या गोलाकडं चालणार!" गोवऱ्यांवर धूप पडला, चेंडू धगीवर धरला गेला, उलटा करून ठेवला गेला. महाराजांनी माईक तोंडाशी नेला. "हाय का कुणाला शंका? असंल तर आत्ताच बोला!"

हा प्रश्न ते नेहमीच विचारत, आणि उत्तर कधीच येत नसे.

"मला आहे," आम्रपाली म्हणाली आणि कुंपणाचं फाटक उघडून आत आली.

गर्दीत एकच गलका झाला. "सावली! सावली!" म्हणत दोघंतिघं पुढं धावले. आप्पाराव ओरडले, "मॅडम, पाया पडतो, आजचा दिवस तरी!" आम्रपाली रिंगणाशी येऊन थांबली. तिच्या हातात फक्त हवा भरायच्या पंपाची सुई होती, जी प्रत्येक कोचच्या खिशात असते.

"तो चेंडू माझ्या हातात द्या," ती म्हणाली.

"हात झडंल!" महाराज गरजले. "कुणीबी हात लावायचा न्हाई!"

आणि तेवढ्यात बाळू उठला. अंगठ्याचं फडकं तसंच होतं.

"महाराज, ह्या खेळात चेंडूला हात लावायची मुभा एकट्यालाच असती. मी गोलकीपर हाय. हात लावणं माजं कामच हाय." आणि त्यानं वाकून चेंडू उचलला.

सगळं ग्राउंड त्याच्या हाताकडं बघत राहिलं. हात झडला नाही. बाळूचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं.

"आयला!" तो म्हणाला. "ह्याच्यात काय भरलंय बे?"

त्यानं चेंडू आम्रपालीला दिला. तिनं भोक खाली धरून त्यात सुई घातली आणि चेंडू दाबला. फुस्स करून थोडी हवा गेली आणि मग सुईच्या टोकातून तपकिरी, चिकट, चकाकती धार जमिनीवर उतरू लागली.

"अमृत!" मागून कुणीतरी किंचाळलं, आणि दोघीजणी ओंजळ करून पुढंसुद्धा आल्या. शहाणपणाची तहान लागावी तर अशी लागत नाही कधी!

"चाखून बघा की," आम्रपाली म्हणाली. "आप्पा, तुम्हीच या. तुम्हाला चव लगेच ओळखू येईल."

आप्पारावांनी बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

"काकवी," ते म्हणाले. "माज्याच गुऱ्हाळातली."

"महाराज पीत नव्हते आप्पा, भरत होते. गुरांना टोचायची मोठी सुई घ्यायची आणि इथून आत सोडायची. थोडी भोकाला लागून राहिली, ती मुंग्यांना कळली. म्हणून त्यांनी काकूंच्या साखरेकडं बघितलंसुद्धा नाही. काकवी जड असते, तळाशी बसते. थंड असली की घट्ट, म्हणून ही शेगडी. शुद्धी नव्हे, पातळ करायची सोय. पातळ झाली की चेंडू उलटा ठेवायचा. काकवी वर जाते. हवा कमी, त्यामुळं चपट्या बुडावर तो थोडा वेळ बसतो. आपण म्हणतो देव विचार करतोय! तेवढ्यात काकवी एका अंगानं खाली उतरते, त्या बाजूला वजन पडतं, चेंडू कलंडतो. ज्या बाजूला थोडा तिरका ठेवाल त्याच बाजूला. वजन पुन्हा तळाशी आलं की थांबतो. म्हणून पाऊण हात."

रेफ्रीनं दुसरा चेंडू मागवला. आम्रपालीनं शेजारच्या पोराला बाटलीतलं पाणी ओतायला सांगून हात धुतले. महाराज? माईक चौरंगावर ठेवून महाराज लघुशंकेला म्हणून उठले होते, ते अंबाजोगाईच्या रस्त्याला कधी लागले ते कुणाला कळलंच नाही. वायुदेवाला मुठीत ठेवणाऱ्याला शेवटी टमटम करावी लागली.

"नारळ काढ, बूट घाल आणि मधे उभा राहा," आम्रपाली बाळूला म्हणाली.

आता गावाची अशी पक्की समजूत झाली की पाखंड उघडं पडलं, सत्याचा विजय झाला, म्हणजे मॅचही आपणच मारणार. पुन्हा तेच! पण उमापूरच्या पोरांनी अख्खं वर्ष सराव केला होता, आणि काकवी कुणाच्या चेंडूत होती याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. किल्ला क्लब जिवाच्या आकांतानं खेळला. एक गोल खाल्ला, एक फेडला. मग पाय जड झाले, दम संपला. केदारनाथ इकडंतिकडं बघत राहिला, आणि शेवटी शेवटी साधा, सरळ, हातात यायचा चेंडू बाळूच्या हातातून निसटून आत गेला.

शिट्टी वाजली. किल्ला क्लब 'ब' गटात गेला.

पोरं मुरुमावर बसून रडत होती. बायका डोळे पुसत होत्या. आणि मागून कुणीतरी म्हणालंच, "महाराजांचा शाप लागला." दुसरा म्हणाला, "चेंडूला हात लावायला नको होता." आप्पाराव खाली मान घालून पुटपुटले, "कायतरी बाधा हायच बगा. न्हाईतर बाळूच्या हातून असा चेंडू सुटंल का?"

आम्रपालीचा संताप अनावर झाला.

"आप्पा, आज जिंकलो असतो तर तुम्हीच म्हणाला असतात, मॅडमचा पायगुण. तेही खोटंच असतं! माझ्या सावलीनं हरलो नाही, आणि माझ्या पायगुणानं जिंकलो नसतो. आपण हरलो, कारण सरावाला आलो नाही. पळता येईना त्याला बचावाला उभं केलं. गोलकीपरला अनवाणी खांबाला उभं केलं. हे सगळं डोळ्यांपुढं होतं. ते बघायला मुंग्यांचीसुद्धा गरज नव्हती. पण आपल्याला आपली चूक ऐकायची नव्हती, म्हणून एका लबाडाचं ऐकलं, आणि त्यानं ती एका बाईच्या सावलीवर ढकलली. तुम्हाला सोपं गेलं. मला नाही गेलं."

गर्दी उठून चालायला लागणार होती, तेवढ्यात बाळू लंगडत पुढं आला. डोळे लाल, हातमोजे काखेत.

"शाप न्हाई, बाधा न्हाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तो गोल मी खाल्ला. नजर चेंडूवर नव्हती, केदारवर होती. चूक माजी हाय."

केदारनाथ जमिनीवरून उठला. त्याची मान खाली होती. "मी मागं पडलो," तो म्हणाला. "मला एवढं पळता येत न्हाई, मामा. बाहेर बसवा मला. सराव केला तर बगू."

आप्पारावांनी तोंडावरून हात फिरवला. मग ते आम्रपालीसमोर आले, आणि पहिल्यांदा कुठलाही देव मधे न आणता बोलले.

"मॅडम, त्या दिवशी तुमाला कुंपणाबाहेर काढलं, ते मी काढलं. देवानं न्हाई. आता उपाय काय करायचा, सांगा."

भस्माच्या रिंगणावरून पाय देत आम्रपाली आपल्या पोरांकडं वळली.

"उद्या सकाळी ग्राउंडवर या," ती म्हणाली. "सगळे. बूट घालून."